पांढरा सूर्य

मुसलमान घराच्या भिंतीवर काय टांगावे याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, तरी ते सगळ्यांना ठाऊक असतात. पुढच्या खोलीत मक्का-मदिनेची फ्रेम, दाराच्या वर आयतुल कुर्सीचा तुगरा, निकाहात आलेले घड्याळ आणि किराणा दुकानदाराने दिलेले कॅलेंडर. माणसांचे फोटो असतात, पण ते कपाटातल्या अल्बममध्ये. बाकी भिंत मोकळी. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातले आमचे घरही याला अपवाद नव्हते. २०२४ साली मात्र त्या मोकळ्या भिंतीवर चार फूट रुंद आणि तीन फूट उंच असे एक चित्र आले. ते सूर्याचे आहे. अख्ख्या सूर्याचे नव्हे, त्याच्या पृष्ठभागाच्या एका तुकड्याचे.

हे चित्र माझ्या भाच्याने काढले. गोंदियात त्याचे फ्लेक्सचे आणि फ्रेमचे छोटे दुकान आहे. वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीचे फलक, दुकानांच्या पाट्या, निवडणुका आल्या की हात जोडलेले चेहरे, हे सगळे छापून त्याचे घर चालते. आकाशाचा नाद त्याला शाळेपासूनचा. नागपूरहून त्याने सहा इंची आरशाची एक जुनी दुर्बीण विकत आणली आणि काही दिवस चंद्र, गुरू, शनी पाहण्यात घालवले. पण रात्री जागून सकाळी दुकान उघडणे जमेना. तेव्हा त्याने दिवसाचा तारा धरला. तो म्हणाला, "मामू, जवळचा तारा तर हाच आहे. बाकीचे ठिपके दिसतात, याचा चेहरा दिसतो."

सूर्याचा फोटो काढणे म्हणजे प्रकाश गोळा करणे नसून तो टाकून देणे आहे, हे मला त्याच्यामुळे कळले. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर तो चांदीसारखी चकचकीत फिल्म घट्ट बसवतो. आलेल्या उजेडाचा सुमारे एक लाखावा भाग तेवढा ती आत सोडते, उरलेला सगळा परतवते. ती फिल्म नसताना दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर जरी पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. जुनी एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले गॉगल, यांतले काहीही चालत नाही. आमच्या घरातल्या मुलांना त्याने कलम्यासारखे हे पाठ करून घेतले आहे.

दुसरी अडचण हवेची. ऊन तापले की जमिनीतून हवा लहरत वर उठते आणि चुलीवरच्या हवेतून पाहावे तसे सारे थरथरते. म्हणून तो सकाळी येतो, आणि गोंदियातून कुडव्याला येतो तो गावाबाहेरच्या बोडीसाठी. आपला जिल्हा तलावांचा. पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही, त्यामुळे त्याच्यावरची हवा शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली आहे, ती याच कारणासाठी. आमच्या भाच्याची वेधशाळा म्हणजे बोडीची पाळ, एक तिपाई, लॅपटॉप, आणि उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसावा म्हणून डोक्यावरून ओढून घेतलेली त्याच्या अम्मीची काळी ओढणी. धानाच्या बांधीकडे निघालेली माणसे थांबून विचारत, "काय मोजणी चालू आहे?" जमीन मोजायलाच कुणी आले असावे, अशी त्यांची समजूत.

कॅमेरा एक फोटो घेत नाही. तो मिनिटभराचे चित्रण घेतो, त्यातून हजारो चौकटी मिळतात. हवा क्षणभर स्थिर झाली त्या वेळच्या थोड्याशा चौकटी संगणक निवडतो, त्या एकावर एक बसवतो आणि बाकीच्या फेकून देतो. पाच हजारांतून दोनशे ठेवल्या तर खूप झाल्या. म्हणजे आधी उजेड टाकायचा, मग फोटो टाकायचे. जे उरते तो सूर्य.

आता त्या चित्रात काय आहे ते सांगतो. मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह आला होता. शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचा क्रमांक ३६६४. रुंदी सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे पंधरा पृथ्व्या ओळीने मांडाव्यात एवढी. १० आणि ११ मे रोजी त्याच्यातून निघालेल्या स्फोटांमुळे पृथ्वीवर वीस वर्षांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले, आणि लडाखमधल्या हानले इथल्या आकाशातही तांबूस उजेड टिपला गेला. तो समूह सूर्याच्या कडेकडे सरकण्याआधी भाच्याने इथे बोडीच्या पाळीवरून टिपला. मोठे काळे डाग, त्यांच्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी करडी झालर, आणि उरलेल्या सगळ्या जागेत दाणेच दाणे.

चित्र घरी आले त्या दिवशी अम्मी जवळ जाऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले आहेत. तिने दाण्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "ये तो चावल है रे. और ये कंकर." सारे आयुष्य सुपात तांदूळ घेऊन खडे निवडण्यात गेलेल्या बाईला दुसरे काय दिसणार, असे वाटून आम्ही हसलो. भाचा हसला नाही. तो म्हणाला, "नानी बरोबर सांगते."

आणि ते खरेच होते. १८६० च्या दशकात इंग्लंडमधले खगोलनिरीक्षक सूर्याच्या पृष्ठभागाला काय म्हणावे यावर भांडत होते. जेम्स नॅस्मिथ यांना तिथे विलो झाडाची लांबट पाने दिसली, विल्यम डॉस यांनी त्यांना नुसते दाणे म्हटले, आणि आणखी काहींनी चक्क तांदळाचे दाणे. हे दाणे फोटोत स्पष्ट पकडणाऱ्या पहिल्या लोकांत फ्रान्सचे ज्यूल जान्सेन होते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी ते आपल्या देशात गुंटूरला आले होते. पुढे पॅरिसजवळच्या म्यूदों इथे त्यांनी सूर्यपृष्ठाचे फोटो काढले. तांदूळ पिकवणाऱ्या गोंदियातली एक म्हातारी कुठलेही पुस्तक न वाचता तीच उपमा देते, याचे मला अजून अप्रूप वाटते.

अर्थात हे दाणे तांदळासारखे स्थिर नाहीत. उकडा तांदूळ करताना हंड्यात पाणी उसळते, मधून गरम वर येते, कडेने थंड खाली जाते; तसाच प्रकार तिथे साडेपाच हजार अंश तापमानात चालू असतो. दाण्याचा उजळ मध्य म्हणजे वर येणारा तप्त वायू, काळसर कड म्हणजे निवून खाली जाणारा. एकेक दाणा सरासरी हजार किलोमीटरचा. आपली विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून निघून मुंबईला पोचते, जवळपास तेवढा. गाडीला सारी रात्र लागते; तो दाणा मात्र दहा-वीस मिनिटांत जन्मतो आणि विरून जातो. डागांच्या जागी चुंबकीय शक्ती इतकी असते की ही उसळी दाबली जाते, म्हणून तो भाग तुलनेने थंड. थंड म्हणजे तरी साडेतीन-चार हजार अंश. काळा दिसतो तो शेजारच्या झगमगाटामुळे. नुसता डाग आकाशात वेगळा ठेवता आला असता तर तोही डोळे दिपवून गेला असता. माझ्या मुलीने हातातली बांगडी काढून चित्रावर धरली आणि पाहुण्यांना सांगायला लागली, "ही पृथ्वी." मापाने ते बरोबर आहे. याच मापात पूर्ण सूर्य छापायचा तर पंचवीस फुटांचा फ्लेक्स लागेल. भाचा म्हणतो, तेवढा तर नेत्यांच्या वाढदिवसालाही लागत नाही.

इथवर ही कौतुकाची गोष्ट आहे. पण हे चित्र आमच्या भिंतीवर आले ते कौतुकामुळे नव्हे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी भाच्याने पूर्ण सूर्याचा एक फोटो छापून स्वतःच्या दुकानात लावला होता. दोन फुटांची गोल थाळी, केशरी रंगाची, सनबोर्डवर चिकटवलेली. फ्रेमच्या धंद्यात त्या पांढऱ्या फोमच्या पाटीला सनबोर्डच म्हणतात. त्याचा हेतू सरळ होता. परदेशात असल्या चित्रांना मागणी आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाचे अँड्र्यू मॅकार्थी हजारो फोटो जोडून सूर्याची प्रचंड चित्रे करतात आणि लोक त्यांच्या प्रती विकत घेऊन बैठकीत लावतात. आपल्याकडे निदान दवाखाने आणि शिकवणी वर्ग तरी घेतील, असे त्याला वाटले. दोन-तीन प्रती खपल्याही.

मग एक गिऱ्हाईक बाई आल्या. पाटीचा मजकूर सांगता सांगता त्यांचे लक्ष वर गेले आणि त्यांनी सहज हात जोडले. भाच्याला त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मात्र विचारले, "तुमच्यात सूर्य चालतो का?" विचारण्यात खोडसाळपणा नव्हता. श्रावणात कांदा चालतो का, असे एखाद्याला विचारावे तसाच तो प्रश्न होता. दोन दिवसांनी आमच्याच नात्यातले एक बुजुर्ग दुकानात आले. त्यांनी भाच्याला काही न बोलता त्याच्या वडिलांना गाठले आणि विचारले, "दुकान में सूर्यदेव बिठा लिया क्या?"

माझे दुल्हाभाई शांत माणूस. ते मुलाला म्हणाले, "बेटा, धंदा आहे. एक म्हणतो तुमचा नाही, दुसरा म्हणतो आपला नाही. ज्याचा कुणाचाच नाही तो दुकानात कशाला?" २०२४ च्या रमजानच्या आधी ती थाळी उतरली आणि कागदात गुंडाळून माळ्यावर गेली. त्यानंतर कित्येक आठवडे भाचा बोडीवर आला नाही. दुर्बिणीचे तोंड कापडाने बांधलेले होते.

मला त्या दोन प्रश्नांपेक्षा दुल्हाभाईंचे वाक्य जास्त लागले. सूर्य कुणाचाच नाही? सूर्य आणि चंद्र या निशाण्या आहेत आणि सजदा त्यांच्या निर्मात्याला करायचा, ही कुरआनची शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. कुरआनात एक अख्खी सूरह सूर्याच्या नावाची आहे, अश-शम्स. ज्याला निशाणी म्हटले ती पाहायची तरी असते की नाही? प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी मदिनेत ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या दुःखाने सूर्यही काळवंडला. पुत्रशोकात असलेल्या बापाला असे बोलणे किती गोड वाटले असते! पण त्यांनी ते तिथेच खोडून काढले. ग्रहण कुणाच्या जन्ममरणासाठी लागत नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले. सूर्याला आपल्या सुखदुःखाचा रंग देऊ नका, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

चित्रांबद्दल आपल्याकडे जो वाद आहे तो मुख्यतः सजीवांच्या प्रतिमांचा. डोंगर, झाड, चंद्र-सूर्य यांना तो लागू करणारे विरळा. आणि खरे पाहता सूर्याचे चित्र आमच्या घरात पूर्वीपासून होते. जुने घर कवेलूचे होते. दुपारी कवेलूंच्या फटीतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर उजेडाचे गोल रुपये पडत. फट वाकडीतिकडी असली तरी रुपया गोल, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात त्या सगळ्या रुपयांच्या चंद्रकोरी झालेल्या मी पाहिल्या. हजार वर्षांपूर्वी बसरा इथे जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी याच गोष्टीवर, ग्रहणातल्या सूर्याच्या छिद्रातून पडणाऱ्या कोरीवर, स्वतंत्र प्रबंध लिहिला. आजच्या कॅमेऱ्याची वाट त्या छिद्रातून निघते. तेव्हा "तुमच्यात सूर्य चालतो का" याला माझे उत्तर असे, की आमच्यात तो बराच आधीपासून चालत आलेला आहे.

हे मी भाच्याला सांगितले. मात्र तो बोडीवर परतला तो माझ्या युक्तिवादाने नाही, ३६६४ क्रमांकाच्या डागाने. ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही दिसेल एवढा डाग पाहून घरी बसणे त्याला शक्य झाले नाही. या वेळी त्याने एक वेगळी गोष्ट केली. फोटोला रंग दिला नाही.

रंगाची कथा मोठी मजेदार आहे. पहिल्या केशरी थाळीच्या वेळी एका शिकवणी वर्गाला ती आणखी गडद हवी होती. आमच्यातला एक दुकानदार म्हणाला, "जरा भगवा दिसतो, पिवळा कर." आणखी एकाने हिरवाच मागितला. भाच्याने त्याला संगणकावर नासाचा हिरवा सूर्य दाखवला, कारण तसाही आहे. २०१० मध्ये सोडलेले नासाचे सौर वेधयान डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांत फोटो घेते आणि ओळखू यावेत म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक तरंगलांबीला एक रंग नेमून देतात. कशाला सोनेरी, कशाला तांबडा, कशाला हिरवा. आपले आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून गेले. त्यावरची सूट नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने बनवली. तिने ११ वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली पूर्ण सूर्याची पहिली चित्रे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीही अतिनील किरणांतलीच, म्हणजे तिथेही रंग माणसाने दिलेला. कोडाईकनाल इथल्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रोजच्या रोज सूर्याचे फोटो घेतले गेले. तिथल्या काचेच्या जुन्या पाट्यांवर सूर्य आहे तो काळा-पांढराच.

मग सूर्याचा खरा रंग कोणता? पांढरा. वातावरणाच्या बाहेरून पाहिला तर तो शुभ्र पांढरा दिसतो. सगळे रंग त्यात आहेत आणि म्हणूनच एकही वर दिसत नाही. उगवता-मावळता तांबूस वा केशरी दिसतो तो आपल्या हवेमुळे, आपल्या धुळीमुळे. ही माहिती शाळेच्या पुस्तकात असते. तरी पांढरा सूर्य कुणी मागत नाही, कारण तो सूर्य वाटत नाही. प्रत्येकाला आपला हवा असतो.

हे करड्या-पांढऱ्या रंगाचे चित्र दुकानात लावायला दुल्हाभाईंचे मन होईना. अम्मी म्हणाली, "मेरे घर में लगा दे." ते कुठे लावायचे, एवढाच प्रश्न उरला. आमच्या पुढच्या खोलीत नमाज होते, तेव्हा पश्चिमेची भिंत वर्ज्य. सजद्याच्या समोर काहीच नको. ते पूर्वेच्या भिंतीवर लागले, नमाज्याच्या पाठीशी. त्या निमित्ताने भाच्याने आम्हाला एक गोष्ट दाखवली, ती वाचकांनाही सांगण्यासारखी आहे. गोंदिया आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेएकवीस अंशांच्या किंचित अलीकडे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, सूर्य दुपारी आमच्या डोक्यावरून जातो, काठीची सावली नाहीशी होते, आणि मग पावणेतीन तासांच्या आत तोच सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर पोचतो. मे महिन्यात तेव्हा आपल्या घड्याळात दुपारचे दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केले की तोंड किबल्याकडेच. त्या दिवशी आमच्या अंगणात रोवलेल्या काठीची सावली पाहून अम्मीने जानमाज कणभर उत्तरेकडे वळवली. जुलैत आभाळ भरलेले असते, म्हणून ही पडताळणी मे महिन्याची.

चित्रातला तो डाग आता सूर्यावर नाही. डाग येतात, काही आठवड्यांत विरतात. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा चढ २०२४ मध्ये होता, आता उतार लागला आहे. ते दाणे तर फोटो काढून भाचा घरी नाश्त्याला येईपर्यंतही टिकले नव्हते.

२०२५ मध्ये दुल्हाभाईंनी स्वतःच मुलाला विचारले, "तुझ्या मामूकडे आहे त्याची लहान प्रत निघेल का?" आता दुकानात काउंटरच्या मागे दीड फुटांचा तो करडा तुकडा लावलेला आहे. पाहणारा आधी ओळखतच नाही. कुणाला भेगाळलेली बांधी वाटते, कुणाला मधमाश्यांचे पोळे, कुणाला सिमेंटचा गिलावा. "हे काय आहे हो?" असे विचारून माणूस पुढे सरकतो, चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. भाचा पाटीचे माप घेत असतो, लगेच उत्तर देत नाही. सूर्य आहे असे तो सांगतो तोवर समोरच्याने तो पोटभर पाहून झालेला असतो. मग लोक पृथ्वी केवढी, दाणा केवढा, दुर्बीण कितीची, असे विचारतात. तुमच्यात चालतो का, असे अजून कुणी विचारलेले नाही.